इकोवर आरडब्ल्यूएमए नेमका कसा बघायचा, आणि स्ट्रेनवर कितपत विसंबायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या गावी आयसीयू चालवणारे एक फिजिशियन स्वतःच २डी इको करतात. ईएफचा, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं याचा, अंदाज त्यांना बरोबर येतो, पण आरडब्ल्यूएमए, म्हणजे भिंतीच्या एखाद्या भागाची बिघडलेली हालचाल, आहे की नाही हे लिहिताना पेन अडखळतं. इन्फिरियर वॉल, म्हणजे हृदयाची खालची भिंत, तर दर दुसऱ्या पेशंटची संशयास्पद वाटते. नवीन मशिनमध्ये स्ट्रेनचं, म्हणजे स्नायू किती आखूड होतो ते मोजणारं, सॉफ्टवेअर आलं आहे, ते सगळ्या भिंतींचा एकत्र रंगीत गोल नकाशा, बुल्स आय, काढून देतं. मग डोळ्यांनी एकेक भिंत तपासत बसायची गरज उरली आहे का?

उरली आहे. स्ट्रेन हे दुसरं मत आहे, आणि दुसरं मत घ्यायला आधी स्वतःचं पहिलं मत हवं. अडचण बहुतेक वेळा डोळ्यांची नसते, काय बघायचं हे पक्कं ठरलेलं नसतं. आपण भिंत आत येते का ते बघत राहतो. बघायचं असतं ती जाड होते का ते.

एण्डोकार्डियमची, म्हणजे आतल्या अस्तराची, रेघ सिस्टोलमध्ये (हृदय आकुंचन पावताना) आत सरकते त्याला तीन कारणं असतात. त्या सेगमेंटचा, म्हणजे भिंतीच्या त्या भागाचा, स्नायू स्वतः आकुंचन पावतो, शेजारचा निरोगी स्नायू त्याला ओढून नेतो, किंवा अख्खं हृदय छातीत पुढे-मागे होतं, थोडं फिरतं, श्वासाबरोबर खाली-वर होतं. गर्दीच्या लोकलमध्ये पाय न उचलताही माणूस दारापर्यंत पोचतो, तसा मेलेला सेगमेंट शेजाऱ्यांच्या जोरावर आत येताना दिसू शकतो. उलट, निशाणाच्या म्हणजे स्कारच्या कडेचा जिवंत स्नायू अडकून पडल्यामुळे हलताना कमी दिसतो. जाड होणं मात्र बऱ्याच अंशी स्वतःच्या बळावर असतं. डायस्टोलला (हृदय सैल असताना) ९ मिमी असलेली भिंत सिस्टोलच्या शेवटी १३ मिमी झाली, तर ती सुमारे ४४ टक्क्यांनी जाड झाली, हे चांगलं. ढोबळ हिशोब असा धरतात की ३० टक्क्यांहून जास्त असेल तर नॉर्मल, १० ते ३० असेल तर हायपोकायनेटिक, १० हून कमी असेल तर अकायनेटिक, आणि सिस्टोलमध्ये भिंत उलट पातळ होऊन बाहेर फुगत असेल तर डिस्कायनेटिक. प्रत्येक सेगमेंटवर कॅलिपर लावून मोजायचं नसतं. पण एखाद्या सेगमेंटबद्दल मनात वाद चालू असेल, तर शॉर्ट ॲक्सिसमध्ये, म्हणजे हृदयाच्या आडव्या कापात, दोन फ्रेम थांबवून एकदा मोजून टाकावं, वाद मिटतो.

रक्तपुरवठा तोडला की स्नायू किती लवकर थांबतो हे १९३५ साली टेनंट आणि विगर्स यांनी दाखवलं: कोरोनरी, म्हणजे हृदयाची धमनी, बांधल्यावर मिनिटभरात तो भाग आकुंचन सोडून सिस्टोलमध्ये बाहेर फुगायला लागला. पेशंटमध्येही क्रम तोच असतो. आधी रिलॅक्सेशन मंदावतं, मग आकुंचन घटतं, त्यानंतर ईसीजी बदलतो, आणि छातीत दुखणं सगळ्यात शेवटी येतं. म्हणून दुखत असताना केलेल्या इकोला फार किंमत आहे. दुखत असूनही सगळ्या भिंती स्वच्छ दिसल्या आणि नीट जाड झाल्या, तर मोठ्या भागाच्या इस्केमियाची, म्हणजे रक्तपुरवठा कमी पडण्याची, शक्यता बरीच कमी होते. पण दुखणं थांबून चार तास झाल्यावर केलेल्या नॉर्मल इकोचा आधार घेऊन पेशंटला घरी पाठवू नये. विश्रांतीच्या वेळचा रक्तप्रवाह अडथळा ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात जाईपर्यंत बहुधा टिकून राहतो, त्यामुळे ७० टक्के ब्लॉक असलेला माणूस टेबलावर शांत पडलेला असताना सगळ्या भिंती छान दाखवतो. लहान इन्फार्क्टही (रक्ताअभावी मेलेला स्नायू) असेच निसटतात. भिंतीच्या जाडीचा साधारण पाचवा हिस्सा मेल्याशिवाय जाड होण्यातला फरक डोळ्यांना जाणवत नाही. तिथे ट्रोपोनिन (स्नायू मेल्याची रक्तातली खूण) वाढलेलं असेल आणि इको नॉर्मल असेल, तर ट्रोपोनिनचं ऐकायचं.

आता चित्र मिळवण्याबद्दल. इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट जातं. पेशंटला डाव्या कुशीवर पूर्ण वळवा, डावा हात डोक्याखाली. अर्धवट वळलेल्या पेशंटवर एपिकल व्ह्यू (हृदयाच्या टोकावरून, म्हणजे एपेक्सवरून, घेतलेलं चित्र) चांगला मिळाला तर ते नशीब समजा. ईसीजीच्या लीड नीट चिकटवा, आर वेव्ह उंच आणि स्वच्छ हवी. श्वास पूर्ण सोडून तिथेच धरायला सांगा. खोल श्वास घेऊन धरलेला पेशंट फुफ्फुस मध्ये आणतो. डेप्थ इतकीच ठेवा की मायट्रल अॅन्युलस (मायट्रल झडपेचं कडं) आणि ॲट्रियमचा (वरच्या कप्प्याचा) थोडा भाग दिसेल. सेक्टर एलव्हीपुरता, म्हणजे डाव्या व्हेंट्रिकलपुरता, अरुंद करा, म्हणजे फ्रेम रेट वाढतो. हार्मोनिक (चित्रातला गोंगाट कमी करणारी सोय) चालू असू द्या.

फोर-चेंबर, म्हणजे हृदयाचे चारही कप्पे दाखवणारा व्ह्यू, मिळाला की प्रोब जागेवरून न हलवता सुमारे ६० अंश घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवला की टू-चेंबर येतो. उजवी बाजू पूर्ण नाहीशी झाली पाहिजे. आरव्हीचा (उजव्या व्हेंट्रिकलचा) तुकडा दिसत असेल तर तुम्ही अजून मधेच आहात. आणखी ६० अंशांवर एओर्टिक झडपेसह थ्री-चेंबर मिळतो.

सगळ्यात मोठा घोटाळा फोरशॉर्टनिंगचा. प्रोब खऱ्या एपेक्सवर नसेल तर एलव्ही तिरका कापला जातो, आणि पडद्यावर जो एपेक्स म्हणून दिसतो तो प्रत्यक्षात पुढच्या भिंतीचा मधला भाग असतो. तो गोलसर, जाड आणि जोमाने आकुंचन पावणारा दिसतो. एलएडी ही पुढची धमनी बंद पडलेल्या पेशंटचा एपिकल ॲन्युरिझम (टोकाचा फुगा) आणि त्यातला क्लॉट असे दोन्ही नजरेआड जातात. खरा एपेक्स टोकदार असतो, बाकीच्या भिंतींपेक्षा पातळ असतो, आणि जवळजवळ जागचा हलत नाही. बेस, म्हणजे झडपांकडचा भाग, त्याच्याकडे येतो. एक सोपी पडताळणी आहे: फोर-चेंबर आणि टू-चेंबरमधली एलव्हीची लांबी मोजा. १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आखूड निघालेला व्ह्यू चुकीचा आहे. उपाय म्हणजे प्रोब एक इंटरकोस्टल स्पेस खाली आणि थोडा बाहेर न्या. स्त्रियांमध्ये स्तन नीट उचलून त्याच्या खाली प्रोब ठेवावा लागतो. संकोचापायी वरूनच काम भागवलं की फोरशॉर्टनिंग ठरलेलं. शॉर्ट ॲक्सिसमध्ये पॅपिलरी मसलच्या पातळीला पोकळी गोल दिसली पाहिजे. अंडाकृती दिसली तर काप तिरका आहे. एक स्पेस वर जाऊन बघा, तोवर कोणत्याच भिंतीवर शेरा मारू नका.

सेगमेंट सोळा: बेसला सहा, मधे सहा, एपेक्सला चार. २००२ च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नकाशात सतरावा म्हणजे एपिकल कॅप धरलेला आहे. परफ्युजनसाठी (रक्तपुरवठ्याच्या चाचणीसाठी) तो उपयोगी, पण कॅप मुळातच हलत नसल्यामुळे हालचालीचा स्कोअर देताना सोळाच धरलेले बरे. पुरवठ्याचा ढोबळ नकाशा असा की अँटेरियर (पुढची भिंत), अँटेरोसेप्टल (सेप्टमचा, म्हणजे मधल्या पडद्याचा, पुढचा भाग) आणि बहुतेक एपेक्स एलएडीकडे, इन्फिरियर आणि बेसचा इन्फेरोसेप्टम आरसीएकडे (उजवी धमनी), लॅटरल म्हणजे बाजूच्या भिंती सर्कमफ्लेक्सकडे (डावीकडून वळणारी धमनी). सीमा मात्र माणसागणिक सरकतात. लांब एलएडी एपेक्सला वळसा घालून एपिकल इन्फिरियरही सांभाळते. इन्फेरोलॅटरल कधी आरसीएची असते, कधी सर्कमफ्लेक्सची. म्हणून रिपोर्टमध्ये भिंतीचं नाव लिहावं, धमनीचं नाव अँजिओग्राफी सांगेल.

सेगमेंट बघताना पूर्ण हृदय एकदम बघू नका. लूप निम्म्या वेगाने चालवा, स्क्रीनचा अर्धा भाग हाताने झाका, आणि एकाच भिंतीच्या दोन्ही कडा, एण्डोकार्डियम आणि बाहेरचं एपिकार्डियम, यांमधल्या अंतराकडे लक्ष द्या. सिस्टोलचा पहिला अर्धा भाग जास्त प्रामाणिक असतो. शेवटाकडे शेजाऱ्यांची ओढ आणि हृदयाचं फिरणं चित्र गढूळ करतं. जो दोष सापडेल तो दुसऱ्या व्ह्यूमध्येही दिसलाच पाहिजे: टू-चेंबरमध्ये मिड इन्फिरियर कमी वाटली तर शॉर्ट ॲक्सिसमध्ये तोच भाग शोधा. एकाच व्ह्यूमध्ये दिसलेला आरडब्ल्यूएमए मी आरडब्ल्यूएमए धरत नाही, फार तर शंका म्हणून नोंदवतो. लागोपाठचे दोन सेगमेंट धड दिसतच नसतील तर कॉन्ट्रास्ट (पोकळी उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं औषध) द्यायचा. ती सोय नसेल तर ‘दिसलं नाही’ असं लिहायचं. न दिसलेल्या भिंतीला नॉर्मल म्हणणं ही आपल्याकडच्या इको रिपोर्टमधली सर्वांत सर्रास चूक आहे.

आता तुमची इन्फिरियर वॉल. तिच्यावर संशय येण्याची कारणं ठरलेली आहेत. एक म्हणजे पोटाचा दाब. वर चढलेला डायाफ्राम, मोठं लिव्हर, पोटात पाणी, गरोदरपण किंवा नुसतं भरलेलं पोट इन्फिरियर भिंतीला खालून ढकलतं. शॉर्ट ॲक्सिसमध्ये ती डायस्टोलला चपटी दिसते आणि सिस्टोलमध्ये पोकळी पुन्हा गोल होताना ही भिंत बाहेर गेल्यासारखी वाटते. नवशिका लगेच ‘इन्फिरियर डिस्कायनेटिक’ लिहितो. जाडी बघा: ती व्यवस्थित वाढत असेल तर हा खोटा डिस्कायनेसिया आहे. चपटेपणा डायस्टोलमध्ये आहे, ही त्याची दुसरी खूण. दुसरं कारण म्हणजे टू-चेंबरमध्ये प्रोब थोडा जास्त-कमी फिरला की बेसल इन्फिरियर सेगमेंट कडेने कापला जातो आणि अर्धवट दिसतो. तिसरं, अॅन्युलसला लागून असलेला अगदी बेसचा भाग मुळातच कमी जाड होतो. त्यामुळे एकट्या बेसल इन्फिरियरचा किंचित हायपोकायनेसिया, बाकी सगळं स्वच्छ, ईसीजीवर क्यू वेव्ह (जुन्या इन्फार्क्टची खूण) नाही, असं असेल तर मी त्याला फार वजन देत नाही. उलट इन्फेरोलॅटरल भिंत, जुन्या भाषेतली पोस्टेरियर, हिच्याकडे दुर्लक्ष होतं. साध्या १२ लीडच्या ईसीजीला ती धड दिसत नाही, व्ही७ ते व्ही९ या पाठीवरच्या लीड कोणी लावत नाही, आणि इकोत पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिसमधली मायट्रलखालची भिंत सगळे गृहीत धरतात. छातीत दुखणाऱ्या, व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली गेलेल्या पेशंटमध्ये आधी तिथे बघा.

सेप्टम हा दुसरा फसवा भाग. एलबीबीबीमध्ये, म्हणजे हृदयातली डावी विद्युतवाट बंद असताना, सेप्टम क्यूआरएसच्या सुरुवातीलाच झटकन आत येतो, मग परत जातो आणि बाकीच्या भिंती उशिरा येतात. हालचाल विचित्र असली तरी जाडी बऱ्याचदा टिकून असते. आरव्ही पेसिंगमध्ये चित्र तसंच दिसतं. बायपास झालेल्या पेशंटचा सेप्टम सिस्टोलमध्ये आरव्हीकडे सरकतो, जाड मात्र नीट होतो. हा ऑपरेशनचा परिणाम आहे, एलएडीचा नाही. आरव्हीवर व्हॉल्यूमचा भार असेल तर सेप्टम डायस्टोलमध्ये चपटा होतो. प्रेशरचा असेल तर सिस्टोलमध्येही चपटाच राहतो. वेळेचा निकाल लावायला एम-मोड (एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारी पद्धत) आजही मोलाचा आहे, सेकंदाला हजारावर नमुने तो घेतो. डोळ्यांना साधारण ९० मिलिसेकंदांपेक्षा कमी उशीर कळत नाही, एम-मोडला कळतो. आणि दोष कोरोनरीच्या नकाशात बसत नसेल तर नकाशा सोडा. सगळा एपेक्स चारही बाजूंनी फुगलेला, बेस जोमात, पेशंट मानसिक धक्का बसलेली साठीतली बाई, तर टाकोत्सुबोचा, म्हणजे मानसिक धक्क्याने हृदय तात्पुरतं दुबळं होण्याचा, विचार करा. पण अँजिओ केल्याशिवाय एलएडीवर फुली मारू नका. फक्त बेसल सेप्टम पातळ आणि अकायनेटिक, सोबत हार्ट ब्लॉक, असं असेल तर सार्कॉइड (अवयवांत गाठी करणारा दाहाचा आजार).

जुनं की नवं हे जाडीवरून बऱ्यापैकी कळतं. ताज्या इन्फार्क्टमध्ये डायस्टोलची जाडी नेहमीसारखी असते, फक्त आकुंचन नसतं. डायस्टोलला ६ मिमीहून पातळ, चमकदार, अकायनेटिक भिंत म्हणजे जुनं निशाण. ती स्टेंटने परत उभी राहण्याची आशा फार थोडी. मधे स्टनिंग असतं: धमनी उघडली, स्नायू जिवंत आहे, पण दिवसचे दिवस आकुंचन येत नाही. म्हणून प्रायमरी अँजिओप्लास्टीच्या दुसऱ्या दिवशीच्या इकोवरून पेशंटचं भविष्य ठरवू नये. सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचं.

स्कोअरिंग सोपं आहे. नॉर्मल १, हायपो २, अकायनेटिक ३, डिस्कायनेटिक ४. बेरीज भागिले बघितलेले सेगमेंट. समजा जुना अँटेरियर एमआय (हार्ट अटॅक) आहे: एपेक्सचे चारही सेगमेंट अकायनेटिक, म्हणजे १२, मिड अँटेरोसेप्टल अकायनेटिक ३, मिड अँटेरियर आणि मिड इन्फेरोसेप्टल हायपो, २ आणि २, उरलेले नऊ नॉर्मल, ९. एकूण २८, भागिले १६, डब्ल्यूएमएसआय, म्हणजे भिंतींच्या हालचालीचा इंडेक्स, १.७५. दोन सेगमेंट दिसलेच नसतील तर भागाकार १४ ने करायचा. त्यांना गुपचूप १ देऊन इंडेक्स गोड करायचा नाही.

आता स्ट्रेन. कल्पना साधी आहे: डायस्टोलच्या शेवटी २० मिमी लांब असलेला स्नायूचा तुकडा सिस्टोलच्या शेवटी १६ मिमी झाला, तर स्ट्रेन उणे २० टक्के. उणे म्हणजे आखूड होणं. एलव्हीच्या लांबीच्या दिशेने जाणारे तंतू मुख्यतः आतल्या थरात असतात आणि इस्केमियाचा पहिला फटका आतल्या थराला बसतो, म्हणून लाँगिट्युडिनल स्ट्रेन ईएफच्या आधी घसरतो. स्ट्रेन आधी टिश्यू डॉपलरवरून काढत, पण त्याला कोन सांभाळावा लागतो आणि फ्रेम रेट १०० च्या वर लागतो. आता बहुतेक मशिनमध्ये स्पेकल ट्रॅकिंग असतं: राखाडी चित्रातले ठिपक्यांचे नमुने फ्रेममागून फ्रेम शोधत जाणं. कोनाची फिकीर कमी, पण चित्राच्या दर्जाची फिकीर दुप्पट. डोळ्यांना जी भिंत दिसत नाही ती सॉफ्टवेअरलाही दिसत नाही. फरक इतकाच की ते कबूल करत नाही, शेजाऱ्यांवरून अंदाज करून आकडा देतं.

फ्रेम रेट ५० ते ७० च्या आसपास ठेवा. ३० वर ठिपके हातून निसटतात. फार वाढवायला गेलात तर चित्र विरळ होतं. तिन्ही एपिकल व्ह्यू जवळजवळ सारख्याच हार्ट रेटला, प्रत्येकी तीन बीट. सुरुवात थ्री-चेंबरने करा, कारण एओर्टिक झडप बंद होण्याची वेळ तिथे डोळ्यांनी दिसते, किंवा एलव्हीओटीच्या (एलव्हीतून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेच्या) डॉपलरवरून घ्या. ही वेळ म्हणजे सगळ्या हिशोबाचा खुंटा आहे. ती उशिरा लावली तर इस्केमिक सेगमेंटचं मागाहून येणारं आकुंचनही सिस्टोलच्या खात्यात जमा होतं आणि तो सेगमेंट धडधाकट दिसतो. लवकर लावली तर चांगले सेगमेंट दुबळे दिसतात. मशिन स्वतः सुचवतं ती वेळ डोळे झाकून स्वीकारू नका.

नंतर कडा. अॅन्युलसवरचे दोन बिंदू झडपेच्या बिजागरीवर, एलव्हीच्या बाजूला ठेवायचे; ते ॲट्रियममध्ये सरकले की बेसचा स्ट्रेन पडतो. थ्री-चेंबरमध्ये अँटेरोसेप्टल बाजूला एलव्हीओटीचा भाग आत घेऊ नका. स्ट्रेन मोजायला आखलेल्या पट्ट्याची रुंदी इतकी हवी की मायोकार्डियम (स्नायू) भरेल, पेरिकार्डियम (हृदयाचं बाहेरचं आवरण) बाहेर राहील. पेरिकार्डियम चमकदार आणि स्थिर असतं, ते आत आलं की स्ट्रेन खोटा कमी येतो. ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि लॅटरल भिंतीवर हमखास होते. पट्टा आखून झाल्यावर लूप हळू चालवून बघा: बिंदू स्नायूबरोबर फिरतात का, की स्नायू हलतो आणि बिंदू तिथेच तरंगतात? सॉफ्टवेअरने हिरवी टिक दिली तरी बघा. एका व्ह्यूमध्ये दोनाहून जास्त सेगमेंट नीट ट्रॅक होत नसतील तर जीएलएस, म्हणजे अख्ख्या एलव्हीचा सरासरी लांबीचा स्ट्रेन, काढायचाच नाही. बीटच्या शेवटी कर्व्ह शून्यावर परत यायला हवा. बरीच सॉफ्टवेअर तो जबरदस्तीने शून्यावर आणतात, म्हणून ड्रिफ्ट (शून्यापासूनची घसरण) किती दुरुस्त केला हे दिसण्याची सोय असेल तर चालू ठेवा. स्मूदिंग वाढवून कर्व्ह देखणे करू नका. त्यात नेमका कामाचा खाचखळगा पुसला जातो.

आणि मग रंगांकडे न बघता आधी कर्व्ह बघा. निरोगी सेगमेंटचा कर्व्ह सरळ खाली जातो आणि झडप बंद होण्याच्या वेळी तळ गाठतो. इस्केमिक सेगमेंट सिस्टोलच्या सुरुवातीला थोडा ताणला जातो, म्हणजे कर्व्ह आधी वर उठतो, मग कमी खोलीवर जातो, आणि झडप बंद झाल्यावरही आखूड होत राहतो. हे मागाहूनचं आखडणं निरोगी हृदयातही थोडंफार आढळतं, म्हणून एकट्या त्याच्यावर निदान करायचं नाही. मोजायचं असेल तर असं: झडप बंद होताना उणे १०, नंतरचा तळ उणे १५, तर मागाहूनचा हिस्सा १५ पैकी ५, म्हणजे ३३ टक्के. २० टक्क्यांच्या वर आणि सिस्टोलचा स्ट्रेनही घटलेला असेल, तर ती खरी बातमी. निशाणाचा कर्व्ह जवळजवळ सपाट असतो, नाहीतर शून्याच्या वर.

जीएलएस निरोगी माणसात उणे २० च्या आसपास येतो. उणे १६ पेक्षा दुबळा असेल तर स्पष्टपणे कमी म्हणता येतं. एकेका सेगमेंटसाठी मात्र अशी रेघ ओढू नका. सेगमेंटचा आकडा मशिन बदललं की बदलतो, तोच माणूस पुन्हा तपासला तरी काही टक्के हलतो, आणि बेसचे सेगमेंट एपेक्सपेक्षा मुळातच कमी असतात. एकट्या बेसल इन्फेरोसेप्टलचा उणे १२ बघून अँजिओ सुचवणं हा पेशंटवर अन्याय आहे. लागोपाठचे दोन-तीन सेगमेंट, एका धमनीच्या हद्दीत, कर्व्हचा आकारही बिघडलेला, आणि २डीवर निदान शंका, असं जुळलं तर सांगा. बुल्स आयचा खरा फायदा नमुना ओळखण्यात आहे. बेस आणि मिड फिके, एपेक्स तेवढा गडद लाल, भिंती जाड, तर अमायलॉइड (स्नायूत प्रथिन साचण्याचा आजार). एपेक्सची सरासरी भागिले बेस आणि मिडच्या सरासरींची बेरीज १ च्या वर गेली तर संशय बळकट. रक्तदाब नोंदवायला विसरू नका. १८० सिस्टोलिक असताना निरोगी स्नायूचाही स्ट्रेन पडतो, आणि महिन्याने १२० वर तपासून ‘सुधारणा’ लिहिली जाते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वेगवेगळ्या बीटचे व्ह्यू जोडून केलेला बुल्स आय मी तरी वापरत नाही.

विश्रांतीत सगळं चांगलं आणि तरी संशय, तर स्ट्रेस इको, म्हणजे औषधाने किंवा व्यायामाने हृदयावर ताण देऊन केलेला इको. डोब्युटामिन ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट पासून सुरू करून दर ३ मिनिटांनी १०, २०, ३०, ४०. हार्ट रेटचं लक्ष्य २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के. रेट गाठत नसेल तर अट्रोपिन ०.२५ ते ०.५ मिग्रॅ, एकूण २ मिग्रॅपर्यंत. डिफिब्रिलेटर आणि शिरेतून द्यायचा बीटा ब्लॉकर हाताशी नसेल तिथे हे करू नये. ट्रेडमिलनंतर चित्रं मिनिट-दीड मिनिटात झाली पाहिजेत. पेशंट धापा टाकतोय म्हणून थांबलात तर इस्केमिया विरून जातो. वाचन असं: चांगला सेगमेंट स्ट्रेसला बिघडला तर इस्केमिया. आधीच दुबळा सेगमेंट ५-१० च्या डोसला सुधारला आणि मोठ्या डोसला पुन्हा बिघडला, तर जिवंत आहे आणि उपाशीही, त्याची धमनी उघडण्यात अर्थ आहे. सुधारून टिकून राहिला तर स्टनिंग. काहीच फरक नाही तर निशाण. अकायनेटिकचा डिस्कायनेटिक झाला तर तो नवा इस्केमिया नव्हे, प्रेशर वाढल्यामुळे मेलेली भिंत जास्त फुगते इतकंच. आणि खोट्या पॉझिटिव्हचा हमखास पत्ता पुन्हा तोच: एकटी बेसल इन्फिरियर.

रिपोर्टमध्ये ‘नो आरडब्ल्यूएमए ॲट रेस्ट’ या ठोकळ्याआधी चित्राचा दर्जा लिहा, न दिसलेले सेगमेंट नावानिशी लिहा, मग दोष: कोणती भिंत, बेस-मिड-एपेक्स, स्कोअर किती, डायस्टोलची जाडी किती. स्ट्रेन दिला तर मशिन आणि सॉफ्टवेअरचं नाव, रक्तदाब आणि हार्ट रेट त्याच ओळीत. तीन एपिकल आणि तीन शॉर्ट ॲक्सिस अशा सहा चालत्या लूप डायकॉममध्ये (वैद्यकीय चित्रांचा फाइल-प्रकार) साठवा. पेशंटच्या फाइलला लावलेल्या छापील फोटोवरून भिंत जाड झाली होती की नाही हे पुढच्या डॉक्टरला कळायचा काही मार्ग नसतो, आणि सहा आठवड्यांनी तुलना करायची ती या लूपशीच.